शाळेतील संगीत आणि त्याचे पाठीराखे

(मुख्याध्यापक, ग्रामस्थ आणि शिक्षण खात्याचे अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



शालेय शिक्षणात संगीताचे स्थान कोणते, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. सुमारे १४० वर्षांपूर्वी तो गांभीर्याने विचारला गेला आणि ज्यांनी तो विचारला, त्यांच्यापैकी अनेकजण मराठी भाषकच होते. वडोदे, ग्वाल्हेर, मिरज, मुंबई या गावांची नावे या इतिहासात वारंवार येतात. गोमंतकाचे नावही त्यात येते, परंतु ते वेगळ्या वाटेने येते. आज ज्या शाळेच्या वेळापत्रकात संगीताचा एखादा तास आढळतो, तो तास कोणाच्या तरी दीर्घ खटपटीने तेथे आलेला आहे. ज्या शाळेत तो आढळत नाही, तेथे तशी खटपट करणारे कोणी पुढे आले नाही, असे बहुधा म्हणावे लागेल. म्हणून या विषयाचा विचार करताना संगीताची महती गाण्यापेक्षा, संगीताला शाळेत कोणी आणले, कसे आणले आणि आजच्या परिस्थितीत ते टिकविण्यासाठी कोणी काय करावयास हवे, याचा विचार करणे अधिक उपयुक्त ठरेल.

वडोद्याचा आरंभ

वडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचे नाव सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाशी निगडित आहे. १८९३ साली अमरेली तालुक्यात त्यांनी हा प्रयोग सुरू केला आणि १९०६ साली तो संपूर्ण संस्थानात लागू केला. परंतु त्याच्याही आधी, १८८६ साली, त्यांनी वडोद्यास संगीताची शाळा स्थापन केली होती, ही गोष्ट तितकीशी सर्वश्रुत नाही. त्या शाळेची धुरा त्यांनी उस्ताद मौलाबक्ष यांच्याकडे सोपविली. दरबारात गवई बाळगणे ही त्या काळच्या सर्वच संस्थानांची रीत होती. वडोद्यातही कलावंतांचे खाते होतेच. परंतु दरबारी गवयाचे गाणे दरबारापुरते राहते, ते प्रजेच्या मुलांपर्यंत पोहोचावयाचे असेल तर त्यास शाळा, ठरलेला अभ्यासक्रम आणि लेखी पुस्तक हवे, हे महाराजांनी ओळखले. मौलाबक्ष यांनी आपली स्वतंत्र स्वरलिपी तयार केली आणि तिच्या आधारे क्रमिक पुस्तके सिद्ध केली. परंपरेने आलेली विद्या कागदावर उतरविण्यास एक नामवंत उस्ताद स्वतः पुढे आला, ही त्या काळात असामान्य गोष्ट होती.

या उदाहरणातील मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. सयाजीरावांनी संगीतावर केवळ खर्च केला असे नाही, तर त्या खर्चाचा हिशेब शिक्षणाच्या अंगाने मागितला. किती विद्यार्थी शिकले, काय शिकले, पुस्तक कोठे आहे, असे प्रश्न त्यांनी विचारले. वडोद्याची ती शाळा पुढे वाढत गेली आणि १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाल्यावर त्याच विद्यापीठाच्या छायेखाली आली. राज्ये गेली, दरबार मोडले, गवयांची खाती बंद झाली. शाळा मात्र राहिली.

वकील आणि गवई

यानंतरची दोन नावे सर्वांच्या परिचयाची आहेत. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. दोघांचे नाव एक, महिना एक आणि ध्येयही बरेचसे एकच. परंतु स्वभाव आणि कार्यपद्धती अगदी भिन्न. शालेय संगीताच्या कार्यात नेतृत्वाच्या किती निरनिराळ्या तऱ्हा असू शकतात, हे या दोघांच्या चरित्रांवरून स्पष्ट होते.

भातखंडे हे पदवीधर आणि व्यवसायाने वकील. मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत त्यांचा संगीताशी निकट संबंध आला. पुढे वकिली सोडून त्यांनी एकाच पक्षकाराचे काम जन्मभर चालविले आणि तो पक्षकार म्हणजे हिंदुस्थानी संगीत. १९०४ साली ते दक्षिणेत गेले, पुढे उत्तरेतही हिंडले. जुने ग्रंथ तपासले, पंडितांना भेटले, उस्तादांच्या दारी बसून चिजा मिळविल्या. जयपूरच्या घराण्यातील बंदिशी असोत वा रामपूर दरबारातील, ज्यांनी त्या दिल्या त्यांचे ऋण मोठे आहे. शालेय संगीताची इमारत ज्या विटांवर उभी आहे, त्या विटा पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान आणि हिंदू अशा दोन्ही परंपरांतील कलावंतांनी भाजलेल्या आहेत, याचा विसर पडता कामा नये.

भातखंडे यांनी मिळविलेले हे धन स्वतःपाशी ठेवले नाही. 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' हा ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला. 'क्रमिक पुस्तक मालिका' या सहा भागांच्या मालेत अठराशेंहून अधिक बंदिशी स्वरलिपीसह छापल्या. रागांची दहा थाटांत वर्गवारी केली. त्यांच्या स्वरलिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी स्वराखाली टिंब आणि तार सप्तकासाठी स्वरावर टिंब, अशा मोजक्याच खुणा आहेत. तिसरी-चौथीच्या मुलासही त्या काही दिवसांत वाचता येतील, इतक्या त्या सोप्या आहेत. गाण्यातील मींड, श्रुतींचे सूक्ष्म भेद आणि गळ्याची लकब या लिपीत पूर्णपणे उतरत नाही, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो खोटा नाही. परंतु लिपीचे काम गुरूची जागा घेणे हे नव्हते. ज्या गावात गुरू नाही, तेथे निदान दिशा दाखविणे आणि शिकलेले विसरू न देणे, हे तिचे काम होते आणि ते तिने चोख बजावले.

भातखंडे यांची खरी कसोटी लागली ती राज्यकर्त्यांचे मन वळविण्यात. मार्च १९१६ मध्ये वडोद्यास, सयाजीरावांच्या आश्रयाने, पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. त्यानंतर १९१८ साली दिल्ली, १९१९ साली बनारस आणि १९२४ व १९२५ साली लखनौ येथे परिषदा झाल्या. या परिषदांत गाणे तर झालेच, परंतु त्यांचा मुख्य हेतू विचारविनिमयाचा होता. विद्वान, कलावंत, संस्थानिक आणि शिक्षणाधिकारी यांना एका मांडवाखाली बसवून एकमत घडवून आणावयाचे होते. त्यातून प्रत्यक्ष फळे आली. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी आपल्या दरबारातील काही गायक भातखंडे यांच्याकडे शिक्षणपद्धती शिकण्यासाठी पाठविले आणि जानेवारी १९१८ मध्ये ग्वाल्हेरचे माधव संगीत विद्यालय सुरू झाले. राजाभय्या पूछवाले हे त्याच विद्यालयाचे पुढे मोठे आधारस्तंभ झाले. शाळा उघडण्यापूर्वी शिक्षक तयार केले, हा क्रम येथे मुद्दाम लक्षात घ्यावा. लखनौस १९२६ साली मॅरिस कॉलेज स्थापन झाले. त्यामागे तेव्हाच्या संयुक्त प्रांताचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांचे पाठबळ होते. पुढे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी तेथे प्राचार्य म्हणून दीर्घकाळ काम केले. आज ती संस्था भातखंडे यांच्या नावाने विद्यापीठ म्हणून ओळखली जाते.

संपूर्ण देशासाठी संगीताची एक राष्ट्रीय अकादमी असावी, ही भातखंडे यांची फार मोठी इच्छा होती. ती त्यांच्या हयातीत पूर्ण झाली नाही. १९ सप्टेंबर १९३६ रोजी ते निवर्तले आणि दिल्लीस संगीत नाटक अकादमीचे उद्‌घाटन झाले ते जानेवारी १९५३ मध्ये. एका माणसाने केलेली मागणी मान्य होण्यास त्याच्यामागे सोळाहून अधिक वर्षे लागावीत, यात निराश होण्याचे कारण नाही. मागणी नीट लिहून ठेवली असली, तर ती माणसामागेही जिवंत राहते.

पलुसकर यांची वाट दुसरी होती. लहानपणी फटाक्याच्या अपघाताने त्यांची दृष्टी अधू झाली आणि शालेय शिक्षण खुंटले. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे त्यांनी गाणे शिकून घेतले. त्या काळी गवयाला समाजात असलेले स्थान त्यांना फार बोचत असे. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. एखाद्या राजाच्या आश्रयाशिवाय, लोकांच्या वर्गणीवर आणि मैफलींच्या उत्पन्नावर चालणारे हे विद्यालय होते. प्रवेश, फी, वर्ग, वेळापत्रक, परीक्षा आणि प्रमाणपत्र ही सारी शिस्त त्यांनी संगीतास लावली. पुस्तकांसाठी छापखाना आणि वाद्यांसाठी कारखाना उभारला. प्रतिष्ठित घरांतील मुली आणि स्त्रिया यांना गाणे शिकण्याचा मार्ग मोकळा व्हावा, यासाठी त्यांनी मोठे काम केले. १९०८ साली मुंबईस विद्यालय उघडले, मोठी इमारत बांधली. परंतु कर्जाचा बोजा वाढत गेला आणि अखेर ती इमारत हातची गेली. २१ ऑगस्ट १९३१ रोजी त्यांचे निधन झाले.

इमारत गेली, परंतु शिष्य राहिले. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बाबूराव देवधर अशी शिष्यांची मालिका त्यांनी तयार केली होती. गुरूंच्या निधनाच्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रारंभिकपासून विशारद-अलंकारपर्यंतच्या ज्या परीक्षांना आज खेड्यापाड्यांतील मुले बसतात, त्या याच मंडळाच्या. ओंकारनाथ पुढे बनारस हिंदू विद्यापीठाच्या संगीत महाविद्यालयाचे प्रमुख झाले. देवधर यांनी १९२५ साली मुंबईस स्वतःची संगीतशाळा काढली. बेळगावजवळील सुळेभावी गावी जन्मलेला एक लहान मुलगा तेथे शिकला, तो म्हणजे कुमार गंधर्व. पुढे देवासला स्थायिक झाल्यावर त्यांनी माळव्यातील लोकगीतांचा कसून अभ्यास केला आणि त्या धुनांतून नवे राग घडविले. ओवी, आरती, फुगडी आणि धालोच्या गाण्यांना वर्गात मज्जाव करून केवळ रागदारीच शिकविली पाहिजे, असा आग्रह धरणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य ध्यानी घ्यावे.

गोमंतकाचे दोन धडे

गोमंतकाच्या अनुभवात शालेय संगीताचा एक वेगळाच धडा आहे. पोर्तुगीज अमदानीत, सोळाव्या शतकापासून, चर्चला जोडलेल्या पॅरिश शाळा निघाल्या. तेथे मुलांना अक्षरओळखीबरोबर स्वरवाचनही शिकविले जाई, कारण चर्चच्या उपासनेसाठी गाणारे आणि व्हायोलिन वाजविणारे हवे असत. गावचा मेस्त म्हणजे संगीतशिक्षक हा आदराचा धनी असे. हेतू धार्मिक होता, हे उघडच आहे. परंतु त्याचा परिणाम धर्मापुरता राहिला नाही. कागदावरचे स्वर वाचता येणारी मुले गावोगाव तयार झाली आणि पुढे ती उपजीविकेसाठी मुंबईस गेली. हिंदी चित्रपटसंगीताच्या उत्कर्षकाळात वाद्यवृंदांत बसलेले कितीतरी वादक आणि वाद्यवृंदाची रचना करणारे संयोजक गोव्याचे होते. मजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकी एक. संगीतकार प्यारेलाल यांनी त्यांच्याकडे व्हायोलिनचे शिक्षण घेतले आणि १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील एका गाण्यात गुरूचे नाव अजरामर झाले. गावच्या शाळेत शिकविलेल्या स्वरवाचनाने एका छोट्या प्रदेशातील शेकडो घरांत चूल पेटविली. संगीत शिकून पोट भरते काय, असे विचारणाऱ्या पालकांना यापेक्षा अधिक समर्पक उत्तर मिळणार नाही.

दुसरा धडा मात्र मनास टोचणारा आहे. याच भूमीतील मंदिरांच्या परिसरात गायन-वादनाची फार मोठी परंपरा नांदत होती. केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर, मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर, लयभास्कर खाप्रूमाम पर्वतकर यांच्या नावाशिवाय हिंदुस्थानी संगीताचा इतिहास लिहिता येणार नाही. १९७७ साली अंतराळात पाठविलेल्या व्हॉयेजर यानांतील ध्वनिमुद्रिकेत भारताचा म्हणून जो आवाज आहे, तो केसरबाईंचा आहे. परंतु ही विद्या ज्या कलावंत समाजाने जतन केली, त्या समाजाच्या वाट्यास प्रतिष्ठा फार उशिरा आली. त्या घरांतील मुलींना विद्येसाठी गाव सोडावे लागले आणि गुरूंच्या शोधात फार कष्ट उपसावे लागले. सर्वांच्या मुलांना एकाच बाकावर बसवून, त्यांच्या जन्माची चौकशी न करता, संगीत शिकविणारी जागा एकच आहे, ती म्हणजे सार्वजनिक शाळा. मोगूबाईंचे कुर्डी गाव आता साळावलीच्या धरणाखाली आहे. गाव गेले, तरी तेथून निघालेले गाणे त्यांच्या कन्या किशोरी आमोणकर आणि असंख्य शिष्यांच्या मुखी राहिले. जे शिकविले जाते तेच उरते, हे त्यावरून कळते.

गोवा मुक्त झाल्यावर १९७० साली कला अकादमीची स्थापना झाली. शास्त्रीय व पाश्चात्त्य अशा दोन्ही परंपरांना एका छताखाली जागा मिळाली. अकादमीच्या भजन स्पर्धांमुळे गावागावांतील भजनी पथकांत पुरुषांबरोबर महिला आणि मुलेही उभी राहिली. २०१९ साली घुमट हे राज्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित झाले. घुमटाच्या तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे ताणीत असत. वन्यजीवांच्या संरक्षणाचा कायदा १९७२ साली झाला आणि कातड्याचा तो वापर बेकायदा ठरला. आता बकऱ्याचे कातडे वापरतात. कुंभाराच्या चाकावर घडवून भाजलेल्या मातीचे भांडे, त्यावर ताणलेले कातडे आणि त्यातून निघणारा नाद, या एका वाद्यात माती, प्राणिजीवन, कायदा आणि आरतीची लय असे चार विषय शिक्षकास एकत्र मिळतात.

तासाचे प्रयोजन काय?

संगीताचा तास प्रथम कापला जातो, हा सार्वत्रिक अनुभव आहे. परीक्षा जवळ आली, गणिताचा भाग राहिला, शिक्षक रजेवर गेले, निवडणुकीचे काम आले, की संगीताचा तास दुसऱ्या विषयास दिला जातो. स्नेहसंमेलनाच्या आधी पंधरा दिवस मात्र त्याच विषयाची आठवण होते. गोड गळ्याची पाच मुले निवडून त्यांच्याकडून स्वागतगीत बसवून घेतले जाते आणि उरलेली मुले टाळ्या वाजविण्यापुरती उरतात. वस्तुतः ही उरलेली मुले हाच शालेय संगीताचा खरा विषय आहे. गवई निर्माण करणे हे शाळेचे काम नव्हे. प्रत्येक मुलास सूर आणि लय यांची ओळख करून देणे, हे आहे.

यासाठी फार मोठ्या सामग्रीची गरज नाही. दादऱ्याच्या सहा मात्रा आणि केरव्याच्या आठ मात्रा हातावर मोजता येतात. एका वर्गाचे दोन भाग करून एकाने दादरा व दुसऱ्याने केरवा एकाच गतीने टाळीवर धरला, तर चोविसाव्या मात्रेनंतर दोन्ही गट एकाच वेळी समेवर येतात. लघुतम साधारण विभाज्य म्हणजे काय, हे मुलांना येथे हाताने कळते. एका फळीवर तार ताणून ती मधोमध दाबली, की षड्जाच्या वरचा तार षड्ज मिळतो. लांबीचा दोन-तृतीयांश भाग वाजता ठेवला, तर पंचम मिळतो. विज्ञानाच्या पुस्तकातील ध्वनीचा पाठ असा कानाने शिकता येतो. पाठांतरास अवघड जाणाऱ्या कविता चालीवर किती लवकर पाठ होतात, हे प्रत्येक प्राथमिक शिक्षकास ठाऊक आहेच.

दोन सावधगिरीच्या गोष्टी मात्र आवश्यक आहेत. पुष्कळदा पुरुष शिक्षक आपल्या पट्टीत प्रार्थना सुरू करतात. ती पट्टी लहान मुलांस फार खाली पडते आणि मग मुले ओरडतात किंवा पुटपुटतात. प्रार्थना मुलांच्या पट्टीत, काळी चार किंवा काळी पाचच्या सुमारास, सुरू करावी. दुसरे असे की, तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलग्यांचा आवाज फुटतो. त्या काळात त्यांना हसू नये, गाण्याची सक्ती करू नये आणि वर्गाबाहेरही काढू नये. त्यांच्या हाती टाळ, घुमट वा ढोलकी द्यावी. आवाज फुटण्याच्या वयात अपमान झाल्यामुळे कितीतरी मुले गाण्यापासून कायमची दुरावतात.

कायद्याने दिलेली साधने

आज या कार्याच्या पुरस्कर्त्यांच्या हाती जी साधने आहेत, ती भातखंडे-पलुसकरांच्या हाती नव्हती. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ साली झाला. त्याच्या अनुसूचीनुसार, सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील, तर त्या शाळेस कलाशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक असला पाहिजे. त्याच कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात. कलम २२ नुसार ही समिती शाळा विकास आराखडा तयार करते आणि शासनाकडून मिळावयाच्या अनुदानाचा तोच आधार असतो. शासकीय शाळेतील संगीताची मागणी कोठे लिहावी, याचे उत्तर येथे मिळते. ती निवेदनात किंवा भाषणात राहून उपयोग नाही, ती आराखड्यात लिहिली गेली पाहिजे. विद्यार्थ्यांची संख्या, सध्या उपलब्ध असलेली वाद्ये, आठवड्याचे तास, हवा असलेला निदेशक आणि लागणारा खर्च, अशा पाच ओळी स्पष्ट लिहिल्या, तर कचेरीत त्या मागणीकडे दुर्लक्ष करणे अवघड होते.

तथापि शंभराची ही अट खेड्यांतील लहान शाळांस अडचणीची आहे. डोंगरकपारीतील वा सीमाभागातील मराठी शाळांत पट कमी आणि तेथे तर संगीताची गरज अधिक, कारण भाषेशी मुलांची नाळ जोडून ठेवणारे तेवढे एकच साधन पुष्कळदा हाती असते. अशा शाळांसाठी २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एक वाट आहे. स्थानिक कलांतील जाणकारांना शाळेत निदेशक म्हणून बोलाविण्याची मुभा त्या धोरणाने दिली आहे. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून स्थानिक कारागीर व कलावंत यांच्याकडे शिकण्याची कल्पनाही त्यात आहे. देवळात पखवाज वाजविणारे वृद्ध गृहस्थ, चर्चमधील व्हायोलिनवादक, घुमट घडविणारा डिचोली भागातील कुंभार, ओव्या म्हणणाऱ्या आजी, हे सारे त्या दहा दिवसांचे गुरू होऊ शकतात. माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी २०१५ पासून शासनाचा 'कला उत्सव' भरतो. त्यात भाग घेणे चांगलेच, परंतु स्पर्धेची तयारी म्हणजे शिक्षण नव्हे, एवढे भान राखावे.

नेतृत्व कोणाचे?

हे कार्य कोणी करावे, याचे उत्तर सर्वांनी असे देणे सोपे आहे. परंतु सर्वांचे म्हणून जे काम असते, ते बहुधा कोणाचेच नसते. म्हणून प्रत्येकाचा वाटा वेगळा सांगणे उचित होय.

मुख्याध्यापकांनी आठवड्यातील एक तास निश्चित करून तो वर्षभर अबाधित ठेवावा. वेळापत्रकातील तास राखणे, हे त्यांच्या एकट्याच्या हाती असते. संगीताच्या तासास दुसरा विषय घेण्याची पाळी आली, तर तो तास भरून काढल्याची नोंद ठेवावी. शिक्षकाने स्वतःस गाता येत नाही म्हणून मागे सरू नये. ताल धरणे, गीत ऐकविणे, गावातील जाणकारास बोलावणे त्यासही शक्य आहे. पालक-सदस्यांनी, आणि विशेषतः मातांनी, समितीच्या बैठकीत हा विषय मांडावा. पंचायतीने आणि भजनी मंडळाने आपली पेटी-तबला आठवड्यातून एक दिवस शाळेस द्यावा. अधिकाऱ्यांनी शाळेची तपासणी करताना संगीताचे तास प्रत्यक्ष झाले की नाही, हे विचारावे. जे विचारले जाते ते होते, असा प्रशासनाचा जुना अनुभव आहे. रिक्त पदांची माहिती वेळेवर वर पाठविणे आणि अर्धवेळ निदेशकाचे मानधन वेळेवर देणे, हीदेखील संगीताची सेवाच आहे. मानधनासाठी महिनोन्‌महिने खेटे घालणाऱ्या शिक्षकाच्या गळ्यातून गाणे कसे निघावे?

सयाजीरावांनी सत्ता वापरली, मौलाबक्ष यांनी आपली विद्या मोकळी केली, भातखंडे यांनी पुरावा गोळा करून राज्यकर्त्यांना पटविले, पलुसकर यांनी लोकांचे साह्य मिळविले आणि शिष्यांनी गुरूंच्या कर्जबाजारी इमारतीतून संस्था वाचविली. या पाचही गोष्टी एकाच माणसाच्या ठायी क्वचितच असतात. परंतु एका गावात अधिकार असलेला एक, विद्या असलेला एक, कागदपत्रे नीट लिहिणारा एक, लोकांत मिसळणारा एक आणि चिकाटी धरणारा एक, अशी पाच माणसे निश्चित असतात. त्यांनी एकत्र बसावे, एवढीच अपेक्षा आहे.

येत्या जूनमध्ये शाळा उघडतील. नव्या वर्षाचे वेळापत्रक फळ्यावर लिहिले जाण्यापूर्वी ही बैठक व्हावी आणि त्या वेळापत्रकात संगीताचा एक तास शाईने लिहिला जावा, खडूने नव्हे.